पुढच्या गुरुवारचा सा

आमचे सर म्हणाले, "काका, या आठवड्यात फक्त जी सेव्हन. वाजवायचा आणि थांबायचं."

"आणि मग सी?"

"नाही. सी पुढच्या गुरुवारी."

सर वयाने माझ्या मुलीहून लहान आहेत. पनवेलला खांदा कॉलनीत राहतात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि दाढी ठेवायची की नाही हे त्यांच्या दाढीचंच अजून ठरलेलं नाही. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो. कीबोर्ड खरं म्हणजे मुलीसाठी आणला होता. ती पुण्याला शिकायला गेली, जाताना चार्जरसुद्धा सगळे घेऊन गेली, कीबोर्ड तेवढा ठेवून गेली. मग बरेच दिवस त्यावर इस्त्रीचे कपडे राहत असत. बायको म्हणाली, "एकतर विका, नाहीतर वाजवा." विकायला काढला तर माणसं फोनवर किंमत विचारून गप्प बसायची. राहता राहिलं वाजवणं.

मेजर आणि मायनर कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे सूर, मी निभावून नेले होते. अडलं ते सेव्हन्थपाशी.

"सर, सेव्हन म्हणजे सातवा सूर ना?"

"हो."

"म्हणजे सी सेव्हन म्हणजे सा, ग, प आणि नी."

"बरोबर. पण नी कोमल."

"शुद्ध घेतला तर?"

"तर तो मेजर सेव्हन."

"म्हणजे नी शुद्ध असेल तर 'मेजर' असं मुद्दाम सांगायचं, आणि कोमल असेल तर काहीच सांगायचं नाही?"

"हो. याचं पूर्ण नाव डॉमिनंट सेव्हन्थ. पण कागदावर नुसतं सात लिहितात."

"का?"

"काका, तुम्ही मोजा."

मी आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात काढलेला माणूस. मोजायला सांगितल्यावर मला बरं वाटतं. मूळ सुरापासून काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून चार घरं पुढे, तिथून तीन, तिथून आणखी तीन. झाला डॉमिनंट सेव्हन्थ. कुठल्याही पट्टीपासून सुरू करा, हिशेब हाच, चार-तीन-तीन. मी बाजारातसुद्धा हेच पुटपुटत फिरू लागलो. कोथिंबीरवाली म्हणाली, "चार-तीन नाही काका, वीसला एक."

बोटांना मात्र हिशेब कळत नाही. चार सूर एकदम दाबायचे म्हणजे अनामिकेला कामाला लावायचं, नाहीतर तिला सुट्टी देऊन करंगळी ताणायची. त्यात माझा उजवा अंगठा हवेत ताठ उभा राहतो. सरांनी किल्ल्याच्या सुळक्यावरून त्याचं नावच कर्नाळा ठेवलंय. धडा चालू असताना दर दोन मिनिटांनी "काका, कर्नाळा खाली!" असा पुकारा होतो आणि मी किल्ला उतरवतो.

एकदा बायको कीबोर्ड पुसत होती. या यंत्रात एक सोय आहे. डाव्या बाजूला मूळ सूर आणि त्याच्या लगतची डावीकडची पांढरी पट्टी अशा दोनच पट्ट्या दाबल्या की बाकीचे सूर यंत्र आपलं आपण भरतं आणि अख्खा सेव्हन्थ वाजतो, वर ढोलकीसुद्धा देतं. फडकं फिरता फिरता नेमक्या त्याच दोन पट्ट्या दाबल्या गेल्या. ठेक्यासकट जी सेव्हन सुरू झाला.

"अहो, झालं की हे! यासाठी तुम्ही मास्तर ठेवलाय?"

मी म्हटलं, "तसं चालत नाही. हाताने वाजवावं लागतं."

"मी पायाने वाजवलं का?"

आता या जी सेव्हनमध्ये आहे तरी काय? पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी पाच, पांढरी सात आणि पुढच्या सप्तकातल्या पांढरी दोन आणि पांढरी चार. एकही काळी नाही. बघायला इतकं सोज्वळ प्रकरण दुसरं नसेल. पण पांढरी एकला, म्हणजे सी ला, सा मानलं तर हे सूर होतात प, नी, रे, म, आणि यातल्या नी आणि म यांचं आपसात पटत नाही. दोघांत बरोबर अर्ध्या सप्तकाचं अंतर आहे. नीला एक घर वर चढून सा गाठायचाय, मध्यमाला एक घर खाली उतरून ग गाठायचाय. दोघेही दारात उभे, चपला घातलेल्या. प मात्र दोन्हीकडे चालतो, त्यामुळे तो जागचा हलत नाही. सरांच्या मते पियानोवरचं निम्मं नाट्य एवढ्या एका घराच्या हालचालीत आहे.

हे मी आमच्या बुवांना वाजवून दाखवलं. बुवा म्हणजे वडाळे तळ्याच्या बाजूला राहणारे, भजनी मंडळात पेटी वाजवणारे. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग एक डोळा उघडला.

"सा कुठंय?"

"सा नाहीये, बुवा."

"नाहीये म्हणजे? गेला कुठे?"

"पुढे येणार आहे."

"कधी?"

"पुढच्या गुरुवारी. सर सांगतील तेव्हा."

बुवांनी दुसराही डोळा उघडला. "प आहे, नी आहे, रे आहे, म आहे, आणि ज्याच्या जिवावर हे सगळे आहेत तोच नाही? अरे, आमच्याकडे आधी सा लावतात, मग माणसं बसतात."

बुवांशी मी वाद घालत नाही, कारण वाद्यांच्या बाबतीत त्यांच्याकडे एक जुनं दुखणं आहे आणि कुठूनही सुरुवात झाली तरी बोलणं तिथेच पोचतं. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बाहेर काढलं ते १९७१ पर्यंत दार उघडलं नाही. पेटीवर मींड निघत नाही, तिचे सूर एका जागी खिळलेले, असा आक्षेप होता. "एकतीस वर्षं!" बुवा बोट नाचवत म्हणतात. "पॅरिसहून आली म्हणून? १८४० च्या सुमाराला त्या दबॅं नावाच्या माणसाने केली, म्हणून परकी? आणि आता तू हा सा नसलेला प्रकार आणलास, तो कुणी अडवत नाही!"

"सोसायटी अडवणार आहे," मी म्हटलं. बुवांचा चेहरा जरा खुलला.

सोसायटीकडे येतोच. त्याआधी मला हा कॉर्ड नेमका कुठे कळला ते सांगायला हवं. तो कीबोर्डवर कळलाच नाही. तो लोकलमध्ये कळला.

संध्याकाळी बेलापूरहून पनवेलला येणाऱ्या गाडीत खारघर गेलं की माणसं चुळबुळायला लागतात. मानसरोवरला बॅगा मांडीवरून खांद्यावर जातात. खांदेश्वरला अर्धा डबा उभा राहून दारात जमतो. खांदेश्वरनंतर पनवेल, आणि पनवेलनंतर काहीच नाही. या मार्गाचं ते शेवटचं टोक. आता उतरायचं, रिक्षा धरायची, घरी जाऊन चहा घ्यायचा. गाडी खांदेश्वर सोडते, वेग घेते, वेग कमी करते आणि थांबते. स्टेशनात नाही. स्टेशनाच्या अलीकडे, सिग्नलला. समोर फलाट दिसतो, फलाटावरचे दिवे दिसतात, नजर चांगली असेल तर वडापावच्या गाड्यावरची गर्दीही दिसते. पण गाडी थांबलेली. अशा वेळी एक गोष्ट बघा, कुणीही परत जागेवर जाऊन बसत नाही. जागा रिकाम्या असतात, पाय दुखत असतात, पण बसलो तर हरलो. अख्खा डबा एका पायावर, पुढे झुकलेला, कुणी बोलत नाही, कुणी घड्याळ बघतो, कुणी सिग्नलकडे असा बघतो की नजरेनेच तो पिवळा होईल.

आणि मला एकदम उमगलं. प, नी, रे, म. सगळे दारात. सा समोर दिसतोय.

"जी सेव्हन!" मी मोठ्याने ओरडलो.

शेजारचा माणूस दचकला. मग समजुतीने म्हणाला, "जी म्हणजे गरीबरथ. ही लोकल आहे. तुम्ही उतरून चौकशीला जा."

त्या रात्री मी जी सेव्हन असा वाजवला की माझं मलाच बसवेना. इथून सोसायटीच्या हालअपेष्टांना सुरुवात झाली.

पहिला बळी आमची आई. ती स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मी कॉर्ड वाजवला आणि सरांच्या आज्ञेप्रमाणे थांबलो.

"पुढं?" आतून आवाज आला.

"पुढं काही नाही, आई."

"मग थांबलास कशाला?"

"थांबायचंच आहे."

थोडा वेळ शांतता. मी पुन्हा वाजवला. आई लसणाचं ताट घेऊन बाहेर आली आणि समोर बसली. "तू ते पुरं कर, मग मी जाते." आईला संगीतातलं काही कळत नाही असं ती स्वतःच सांगते. पण सा राहिलाय हे तिला सर आणि बुवा या दोघांइतकंच स्पष्ट कळलं होतं. सरांनी नंतर एक गोष्ट सांगितली. कुणी ती बाखच्या घरातली म्हणून सांगतं, कुणी मोत्सार्टच्या. खरी असेलच असं नाही. रात्री मुलाने असाच एक कॉर्ड वाजवून अर्धवट सोडला, तर बाप अंथरुणातून उठून आला, उरलेला सूर वाजवला आणि परत जाऊन झोपला. तो बाप स्वतःच्या घरात राहत होता, म्हणून एकट्यालाच उठावं लागलं. आमची इमारत सात मजल्यांची आहे.

दुसरे बळी वरचे अण्णा. अण्णा बँकेतून निवृत्त झाल्यापासून शास्त्रीय गाणं शिकतात आणि नेमका माझ्याच वेळेला खमाज घोटतात. त्यांचा स्वर काळी एक. एके संध्याकाळी दारात उभे.

"तुम्ही माझ्या खमाजात तीव्र मध्यम टाकताय."

"मी? मी तर खाली जी सेव्हन—"

"आणि कोमल रिषभसुद्धा! खमाजात! गंधार आणि कोमल निषाद बरोबर लागतात तुमचे, म्हणून मी गप्प होतो. पण बाकीचे दोन?"

मला हा निव्वळ चक्रमपणा वाटला. सर आल्यावर त्यांना सांगितलं. सरांनी काळी एकपासून घरं मोजली आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "काका, अण्णा शंभर टक्के बरोबर आहेत." अण्णांच्या सा-पासून बघितलं तर माझी पांढरी चार म्हणजे त्यांचा ग, पांढरी सात म्हणजे कोमल नी, पांढरी पाच तीव्र म आणि पांढरी दोन कोमल रे. जी सेव्हनमधले ते भांडखोर दोघे काळी एकवरच्या सेव्हन्थमध्येही तेच असतात, फक्त भूमिका बदलून. इकडचा म तिकडे ग होतो आणि इकडचा नी तिकडे कोमल नी होतो. जॅझवाले मुद्दाम अशी अदलाबदल करतात म्हणे. "अण्णांचे कान काय आहेत हो!" सर भारावून म्हणाले. मी पैसे देतो ते सर अण्णांच्या कानाचं कौतुक करून निघून गेले.

मग लिफ्टमध्ये नोटीस लागली. "काही सदस्य सायंकाळी अपूर्ण वाद्यवादन करतात असे निदर्शनास आले आहे. सदर वादन पूर्ण करावे अथवा करू नये." नाव कुणाचंच नव्हतं. इमारतीत वाद्य वाजवणारा मी एकटा.

सरांना मात्र नोटिशीने आनंद झाला. म्हणाले, काका, तुम्ही थोर परंपरेत आलात. इटलीत १६०० साली आर्तुझी नावाच्या माणसाने नव्या संगीताच्या दोषांवर एक पुस्तकच छापलं. नियमाप्रमाणे आधी तयारी करून मग लावायचे विसंवादी सूर हा कोण माणूस थेट लावतो, अशी तक्रार. उदाहरणं सगळी मोन्तेवेर्दीची, आणि पुस्तकात मोन्तेवेर्दीचं नाव कुठेही नाही. मोन्तेवेर्दीने १६०५ मध्ये आपल्या नव्या संग्रहात जाहीर केलं की मी सविस्तर उत्तराचं पुस्तक लिहितोय. ते पुस्तक काही आलं नाही. हे ऐकून मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली. सेक्रेटरींनी मागितलेला पार्किंगबाबतचा माझा सविस्तर खुलासाही अजून यायचाय.

सभेत माझा विषय गच्चीच्या गळतीच्या आधी घेतला. गळती तशी जुनी आहे. दर पावसाळ्यात सातव्या मजल्यावर बादल्या लागतात आणि दर सभेत "विषय पुढील सभेत घ्यावा" असं ठरतं. त्याला कुणाची हरकत नसते. हरकत माझ्या तीन सेकंदांना होती.

मी तयारी करून गेलो होतो. म्हटलं, "बीथोव्हेनने १८०० साली व्हिएन्नात आपली पहिली सिम्फनी सादर केली. सिम्फनी सी मध्ये, आणि तिचा पहिलाच कॉर्ड सी सेव्हन! म्हणजे सुरुवातच घराबाहेर काढणारी. लोकांनी ऐकून घेतलं."

सेक्रेटरींनी विचारलं, "ते व्हिएन्नात कुठे राहायचे?"

"त्यांनी पुष्कळ वेळा घरं बदलली."

"बघा," सेक्रेटरी सभेकडे वळून म्हणाले. "आमचं काहीच म्हणणं नाही. उदाहरण यांनीच दिलंय."

खजिनदार म्हणाले, हे कॉर्ड वगैरे आपल्यात नसतंच. मग मात्र मी उसळलो. म्हटलं, तुम्ही ज्या हिंदी गाण्यांवर आयुष्यभर डुलत आलात त्यात हे कॉर्ड कुणी भरले? गोव्याच्या मुलांनी. चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकून मुंबईला आलेल्या वादकांनी. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, व्हायोलिनवादक, प्यारेलालांचे गुरू!

"अँथनी गोन्साल्विस?" खजिनदारांचे डोळे चमकले. "अंड्यातून निघतो तो?"

मी म्हटलं, ते गाणं १९७७ चं, प्यारेलालांच्या या गुरूंचंच नाव त्यात घेतलंय. खरे गोन्साल्विस कधीच अंड्यातून निघाले नाहीत. पण तोवर सभा अमिताभवर गेली होती. कुणी टोपीबद्दल बोलत होतं, कुणी छत्रीबद्दल. अण्णा म्हणाले, कार्यक्रमच करायचा असेल तर फडके नाट्यगृहात करा, तिकीट लावा, ज्यांना यायचं ते येतील, म्हणजे इथे शांतता. शेवटी तडजोड निघाली. सेक्रेटरींच्या नातवाचा वाढदिवस रविवारी क्लब हाउसमध्ये होता. तिथे मी वाजवावं, पूर्ण वाजवावं, आणि सभासदांनी माझ्याबद्दलचं मत नव्याने बनवावं.

वाढदिवसाचं गाणं सेव्हन्थवाल्याला अगदी सोयीचं. पहिली ओळ सी वरून निघून जी सेव्हनवर थांबते, दुसरी जी सेव्हनवरून सी वर घरी येते. सरांनी खास परवानगी दिली, "रविवारपुरता सी वाजवा." केक आला, मेणबत्त्या लागल्या, कर्नाळा खाली घेतला. पहिली ओळ उत्तम. मी रुबाबात जी सेव्हनवर उतरलो.

लाइट गेली.

कीबोर्ड मेला. त्यात सेल घालायची सोय आहे, पण सेल घरी टीव्हीच्या रिमोटमध्ये. मेणबत्त्यांच्या उजेडात मोठी माणसं तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थबकलेली दिसत होती. दुसरी ओळ कुठून उचलायची ते कुणाला कळेना. अण्णांनी जबाबदारी ओळखून खणखणीत सा लावला. काळी एकचा. सेक्रेटरींनी तो धरायचा प्रयत्न केला, खजिनदारांनी दुसराच धरला. मुलांना यातलं काहीही नडलं नाही. त्यांनी त्यांच्या त्यांच्या सुरात उरलेलं गाणं संपवलं, मेणबत्त्या फुंकल्या आणि अंधारात केकवर हात मारले. त्यानंतर पाचेक मिनिटांनी लाइट आली. मी कीबोर्ड चालू केला आणि राहिलेला सी वाजवला. तेव्हा सगळे वेफर्स खात होते. पण आई "हं" म्हणाली आणि पर्स घेऊन उठली.

पुढच्या सभेत माझ्यासाठी हेडफोन घ्यायचं ठरलं. खर्च सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून, सूचक अण्णा, अनुमोदक सगळेच. चर्चा झाली नाही. गळतीचा विषय पुढील सभेत घ्यावा असं ठरलं.

हेडफोन चांगले आहेत. सरांनी आता ट्वेल्व्ह बार ब्लूजचा अभ्यास दिलाय.

"सर, बार म्हणजे मात्रा की आवर्तनं?"

"आवर्तनं म्हणा, काका. बारा. आणि यात तिन्ही कॉर्ड सेव्हन्थच असतात. सी सेव्हन, एफ सेव्हन, जी सेव्हन."

"मग घरी कधी जायचं?"

"जायचंच नाही. ते शेवटसुद्धा सेव्हन्थवर करतात."

"आणि लोक?"

"टाळ्या वाजवतात."

मी रात्री हेडफोन लावून बसतो. इमारतीत सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते. अण्णांचा खमाज निर्वेध चाललाय. बायको समोर सोफ्यावर पेपर वाचत असते. परवा तिने पेपर खाली ठेवला, माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि उठून माझ्या कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"अहो, ऐकू येत नाही, पण तुमच्या तोंडावर दिसतंय. ते एकदाचं पुरं करा, नाहीतर त्या भिंतीकडे तोंड करून बसा."